आजचं वाचन : गीता २.१४ – रोहिणीचं पाणी



आज दुसऱ्या अध्यायातला चौदावा श्लोक. इथे रोज वाचणाऱ्या बऱ्याच जणांना तो पाठ आहे, म्हणून अर्थ थोडक्यात सांगतो. इंद्रियांचा आणि बाहेरच्या गोष्टींचा संबंध आला की थंडी वाजते, ऊन लागतं, बरं वाटतं, वाईट वाटतं. हे येतं आणि जातं, टिकत नाही. म्हणून अर्जुना, ते सोस.

या श्लोकावर मी याआधी दोनदा लिहिलंय, दोन्ही वेळा पुण्यात, एसीत बसून. एकदा तर शेवटी 'टेक इट इझी' असंही लिहिलं होतं. तो लेख आता वाचवत नाही. मागच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात एका धुऱ्यावर मला हा श्लोक परत पहिल्यापासून शिकावा लागला, ते आज सांगतो.

झालं असं की मी बाईकवरून पुणे-नागपूर-माहूर-नांदेड-पंढरपूर-पुणे असा फेरा ठरवला होता, दीड हजार किलोमीटरच्या वर. एकटाच. टँक बॅगमध्ये विनोबांची गीताई, खिशातली छोटी प्रत. रोज सकाळी निघायच्या आधी एक श्लोक वाचायचा आणि दिवसभर तोच मनात घोळवत गाडी चालवायची, असा नियम केला होता. नागपूरहून माहूरला जायच्या दिवशी आला तो हाच, चौदावा. मला तर आनंदच झाला. विदर्भाचं ऊन आणि वर हा श्लोक! म्हटलं, आज प्रॅक्टिकल.

नागपुरात ज्या मित्राकडे उतरलो होतो त्याचे बाबा पहाटे फाटकापर्यंत आले. "नवतपा सुरू झाला बाबू. दहाच्या आत जिथं पोचशील तिथं थांब, चार वाजेपर्यंत हलू नको," म्हणाले, आणि जॅकेटच्या खिशात एक कांदा कोंबला. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात आल्यानंतरचे नऊ दिवस, साधारण २५ मेपासूनचे. विदर्भात पारा ४५ च्या वर जातो तो याच सुमारास. कांदा खिशात ठेवला की ऊन बाधत नाही, हे तिकडे घराघरात मानतात. मी हसून हो म्हटलं. हसलो ते कांद्याला, पण खरं तर सल्ल्यालाही.

साडेपाचला निघालो. सातच्या सुमारास वर्ध्याच्या अलीकडे पवनारला थांबलो. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. नदीत पाणी थोडंच होतं, पण सकाळची वेळ, गारवा, पाखरं. काठावर बसून गीताई उघडली. गीताई कशी झाली हे तुम्हाला माहीत असेल. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. त्यांनी मुलाला म्हटलं, तूच का मराठीत करत नाहीस. आई गेली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी, १९३० च्या सुमारास मुलानं ती केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. म्हणजे आपल्या हातातली ही मराठी गीता मुळात एका आईला कळावी म्हणून झालेली आहे. हे त्या सकाळी मी मनाशी म्हटलं, आणि दुपारी साफ विसरलो.

वर्धा, देवळी. पुढे वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा. कळंबला चिंतामणीचं दर्शन घेतलं. हे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून खाली जायचं. पुढ्यात कुंड. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे गणेशाची आराधना केली अशी कथा आहे, आणि साधारण बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप वर चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे. बाहेर भट्टी पेटलेली आणि आत तळाशी गारवा. दहा वाजून गेले होते. तिथेच ओवरीत पडून राहायला हवं होतं. साडेअकरापर्यंत राहिलोही. मग जीव चुळबुळायला लागला. माहूर आता शंभर-सव्वाशे किलोमीटर, दोन-अडीच तास, दुपारी रेणुकामातेचं दर्शन, संध्याकाळी अनसूया शिखर. सोसायचंय तर सोसूया! देवळाबाहेर फोटो काढला: रिकामी काळी शेतं, वर पांढरं पडलेलं आकाश, मध्ये माझी गाडी. स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'वाळवंटातला दिवस. गीता २.१४.'

त्यावर भराभर लाइक्स आले, हे कबूल करतो.

यवतमाळ ओलांडून आर्णीकडे लागलो तेव्हा साडेबारा. या रस्त्याला डोंगर आहेत आणि डोंगरांवर साग. मेमध्ये सागाला एक पान नसतं. मैलोन्‌मैल नुसत्या काठ्या, राखाडी. शेतं नांगरून उलथलेली, आणि जिथं नांगर लागला नव्हता तिथं हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. बाईकवरून पाहिलं तर खरोखर वाळवंट. पण हे वाळवंट नाही हो. यवतमाळला वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला २०० सुद्धा नाही. साग वाळलेला नसतो. पानांतून पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यानं पानं टाकलेली असतात, पावसाच्या तोंडावर तो पुन्हा फुटतो. आणि काळ्या मातीच्या त्या भेगांतूनच तर पहिला पाऊस खोल उतरतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी हेल्मेटच्या आत एक हिरो होतो आणि बाहेर सहारा होता.

रस्त्यावर पाणी दिसायला लागलं. डांबरावर शंभर-दोनशे मीटर पुढे चकचकीत डबकं, त्यात समोरच्या ट्रकचं उलटं प्रतिबिंब. जवळ जावं तसं ते पुढे सरकतं. तापलेल्या डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा विरळ होते, आकाशाकडून येणारा उजेड तिथे वाकून वर वळतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाश दिसतं. डोळ्यांना ते पाणी वाटतं. शाळेतलं फिजिक्स. पण मला आठवली ज्ञानेश्वरी. माउली याच चौदाव्या श्लोकावर बोलताना विषयांना दोन उपमा देतात. एक, स्वप्नात दिसलेला हत्ती. दुसरी, रोहिणीचं पाणी. जुन्या मराठीत मृगजळाला रोहिणीचं पाणी म्हणत. सूर्य रोहिणीत, मी रस्त्यावर, समोर साक्षात रोहिणीचं पाणी, आणि मनात तोच श्लोक! मला इतकं भारी वाटलं की पुढच्या लेखाचं पहिलं वाक्य मी तिथंच जुळवायला घेतलं.

आणि मग वाक्य जुळेना. म्हणजे तेच तीन शब्द परत परत येत राहिले, चौथा सापडेना.

बाईकवाल्यांसाठी हे नीट सांगतो, कारण पुण्यात बसून हे कळत नाही. हवा अंगापेक्षा थंड असेल तोवर वारा लागला की गार वाटतं. हवा ४४-४५ ला गेली की तोच वारा अंगावर उष्णता ओततो. घाम येतो, पण येताक्षणी उडतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावतोय ते समजतच नाही. मी तर व्हायझर वर केला होता, जॅकेटची चेन उघडली होती, हवा लागावी म्हणून. नेमकं उलटं. राजस्थानातला माणूस उन्हात डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतो तो वेडा नाही. माझी बाटली यवतमाळच्या अलीकडेच संपली होती आणि ती भरायला मी थांबलो नव्हतो. हळूहळू घाम येणं बंद झालं. हातांवर काटा आला, चक्क थंडी वाजल्यासारखा. मला वाटलं, वा, आता ऊन जाणवतही नाही! तितिक्षा जमली!

एवढं आठवतं की एक कडुनिंब दिसला, गाडी त्याच्या दिशेनं वळवली, आणि स्टँड लावायचं विसरून उतरलो. गाडी पडली. तिच्याशेजारी मीही बसलो.

"काऊन रे बाप्पा, इतक्या उन्हाचं कुठी निंगाला?"

पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई होत्या, सोबत पंचविशीतला मुलगा. शेत नांगरून झालेलं होतं, मागच्या हंगामातल्या पऱ्हाटीची धसकटं वेचायचं काम चाललं होतं. दुपारच्या उन्हात ते दोघं निंबाखाली टेकले होते. मुलानं माझं हेल्मेट, जॅकेट काढलं. बाईंनी माझाच दुपट्टा भिजवून डोक्यावर टाकला, दुसरं एक फडकं भिजवून मानेवर. स्टीलच्या गिलासात पाणी दिलं. मी ओढून घेतलं तर हात धरला. "गटागटा नोको पिऊ. घोट घोट घे." मग मीठ-साखर घालून दिलं, डब्यातला कांदा हातानंच फोडून दिला. खिशातला कांदा आठवून मला हसू आलं. ते हसू बघून त्या मुलाला म्हणाल्या, "हासते आता. वाचला."

तासाभरानं डोकं ताळ्यावर आलं. पडलेली गाडी मुलानं उभी केली होती, क्लचचा लिव्हर थोडा वाकला होता. टँक बॅगमधून सामान सांडलं होतं ते बाईंनी गोळा करून ठेवलं होतं. त्यात गीताई.

"हे काय, ग्रामगीता हाय काय?"

तुकडोजी महाराजांचा मुलूख तो. मी म्हटलं, "नाही मावशी, गीताई. भगवद्‌गीता, मराठीतून."

"बरं. वाच मंग काही."

इथे मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण आजचा लेख त्याच्यासाठीच आहे. मी चौदावा श्लोक वाचला आणि अर्थ सांगायला लागलो. अगदी इथे तुम्हाला सांगतो तसा, लयीत. म्हटलं, "मावशी, भगवंत म्हणतात, ऊन, थंडी, सुख, दुःख, हे सगळं येतं आणि जातं. राहत नाही. आपण सोसायचं. माउली म्हणतात, हे सगळं रोहिणीच्या पाण्यासारखं आहे."

त्यांनी वर पाहिलं. "रोहिणीचं पानी पडलं तं लय चांगलं होईन. जमीन नरम होते. मंग मृगावर सरकी लावता येते."

मी गप्प झालो. मला मृगजळ म्हणायचं होतं. त्यांच्या भाषेत रोहिणीचं पाणी म्हणजे रोहिणी नक्षत्रात पडणारा पाऊस. पेरणीच्या आधीची जमीन तयार करणारा, खरा, ओला. एकाच शब्दात एकाला भास दिसतो आणि एकाला वर्षाची सुरुवात. मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि सुदैवानं मिटलं.

त्या पुढे म्हणाल्या, "पोथीतलं खरंच असन बापू. जाते ना सारं. पन जाते तवा एखांद्याले संग घेऊन जाते."

मुलगा धसकटं मोजत असल्यासारखा खाली बघत होता. थोड्या वेळानं, बाई उठून बैलांकडे गेल्यावर, तो म्हणाला, "बाबा गेले. बोंडअळीच्या साली." तिकडे बोंडअळीचं साल म्हणजे २०१७. गुलाबी बोंडअळीनं त्या वर्षी कापूस बोंडातच खाल्ला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचे वडील कशानं गेले ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मंडळी, मी त्या घराला 'येतं आणि जातं' सांगत होतो. त्यांचं पाणी पिऊन.

आता जरा श्लोकाकडे. त्या दिवसापासून मी तो वेगळा वाचतो, तेवढं सांगतो.

शंकराचार्य या श्लोकाच्या भाष्यात एक बारीक गोष्ट दाखवतात. थंडी कधी सुख देते, कधी दुःख, उन्हाचंही तसंच. म्हणजे ऊन स्वतः सुखाचं नाही की दुःखाचं नाही. कळंबच्या कुंडाजवळ मी उन्हाचा फोटो काढत होतो तेव्हा तेच ऊन मला सुख देत होतं. इतपर्यंत मला आधीही कळत होतं. पुढे 'विवेकचूडामणी'त, जो परंपरेनं आचार्यांचाच मानतात, तितिक्षेची व्याख्या येते: दुःख आलं तर त्यावर उपाय न शोधता, चिंता न करता, रडगाणं न गाता ते सोसणं. उपाय न शोधता! हे वाचून मी आधी पाणी न भरता पुढे गेलो होतो की काय, असं आता वाटतं. पण ही व्याख्या कुणासाठी आहे? साधकासाठी. ज्यानं स्वतःहून, समजून, हा मार्ग धरलाय त्याच्यासाठी. ज्याच्यासमोर दुसरा मार्गच नाही तो सोसतो त्याला तितिक्षा म्हणू नये. आणि जो बाटली भरायला आळस करतो त्याच्या सोसण्याला तर मुळीच म्हणू नये.

दुसरं म्हणजे चौदाव्या श्लोकावर आपण थांबतो. कृष्ण थांबत नाही. तो चारच श्लोकांनी, अठराव्यात, अर्जुनाला लढ म्हणतो. सोस आणि बसून राहा, असं त्यानं म्हटलेलंच नाही. सोसणं हे उठण्यासाठी आहे, रडत बसलेल्या माणसाचे हात पुन्हा कामाला लागावेत म्हणून. 'होईल सगळं ठीक' म्हणून विषय बंद करायला हा श्लोक वापरणं हे आपलं, शहरातलं, सोयीचं गणित आहे. मित्राची नोकरी गेली, पाठव २.१४. मैत्रिणीचं लग्न मोडलं, पाठव २.१४. मी पाठवलेत. तुम्हीही पाठवले असतील.

तिसरं, आणि मला हेच मुख्य वाटतं. हा श्लोक सांगणारा कोण आहे? तो अर्जुनाचा सारथी आहे. ज्या उन्हात अर्जुन उभा आहे त्याच उन्हात, त्याच रथावर, बाणांच्या टप्प्यात तो बसलेला आहे. सावलीत बसून त्यानं 'सोस' म्हटलेलं नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दल त्याला काय म्हणायचंय ते त्यानं सहाव्या अध्यायात, बत्तिसाव्या श्लोकात वेगळं सांगितलंय: जो आपल्यावरून दुसऱ्याचं सुख आणि दुःख ओळखतो, सगळीकडे सारखंच, तो योगी सर्वांत श्रेष्ठ. म्हणजे माझं ऊन असेल तर दुसरा अध्याय. समोरच्याचं ऊन असेल तर सहावा. मी धुऱ्यावर पानं चुकवली होती.

त्या बाईंनी सहावा अध्याय वाचलेला नव्हता. त्यांनी काय केलं होतं ते मला चार वाजता कळलं.

मी निघायची तयारी करत होतो. पैसे पुढे केले तर "पान्याचे पैसे घेतेत काय कोनी?" म्हणून त्यांनी ते झिडकारले. बाटली भरून घ्यावी म्हणून मी निंबाच्या बुंध्याशी ठेवलेला कॅन उचलला. हलका लागला. तळाशी दोन गिलास असेल. सकाळी दोघांनी मिळून गावातून आणलेलं दिवसभराचं पाणी होतं ते. पिण्यासाठी मला दिलं, दुपट्ट्यावर ओतलं, मानेवर ओतलं, आणि ते दोघं त्यानंतर किती प्याले हे मी पाहिलंच नव्हतं. मुलाला विचारलं, विहीर कुठे? दोन किलोमीटर, गावाजवळ. बैलांनाही पाजायचं होतं.

यवतमाळ शहरात २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती, नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं, लोक रात्र रात्र टँकरची वाट बघायचे. हे मी बातम्यांत वाचलं होतं. बातमीत वाचलेलं पाणी आणि हातात हलका लागलेला कॅन यात फार अंतर आहे.

त्या मुलाला मागे बसवलं, त्याच्या मांडीवर दोन कॅन. विहिरीवर जाऊन भरले, आणले. बैलांसाठी परत गेलो. मग त्याच्या चुलत्याच्या शेतात एक ड्रम होता, तोही भरावा असं ठरलं. पाच फेऱ्या झाल्या. क्लचचा वाकडा लिव्हर दर वळणाला बोटांत रुतायचा. ही बाईक मी लांब जाण्यासाठी घेतली होती, लडाख डोळ्यांसमोर ठेवून. त्या संध्याकाळी ती दोन किलोमीटरच्या आत वीस किलोमीटर फिरली, आणि खरं सांगू का, तेवढी ती मला कधी आवडली नव्हती.

माहूर राहिलं. मुलगा म्हणाला, "आता अंधाराचं नोका जाऊ, लिव्हर वाकला हाय." गावातल्या मारुतीच्या ओट्यावर झोपलो. संध्याकाळी तिथं गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना झाली, सहा-सात म्हातारे आणि तीन पोरं. संपल्यावर एका आजोबांनी विचारलं, "पुन्याचे पाहुणे, तुमी बी दोन शब्द सांगा. गीतेचं पुस्तक हाय म्हने तुमच्याजोळ."

मी म्हटलं, "आजोबा, आज मला ऐकू द्या."

मग ते बोलत राहिले. पावसाचं, सरकीच्या भावाचं, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं. कुणीतरी चिलगव्हाणचं नाव काढलं. चिलगव्हाण याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात. तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रातली शेतकरी आत्महत्येची पहिली नोंद म्हणून ती सांगितली जाते, आणि २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवर राज्यात आणि बाहेरही लोक एक दिवस उपवास करतात. कुठे झालं हे मला ठाऊक नव्हतं. आजोबांनी सांगितलं: दत्तपूरला, पवनारजवळ.

सकाळी मी पवनारलाच बसलो होतो. गारव्यात. गीताई उघडून.

झोप उशिरा लागली. ओट्यावर दगड अजून तापलेले होते, पहाटे तीनच्या सुमारास कुठे गार झाले. त्या मुलाची आई पहाटेच शेताकडे निघालेली दिसली, डोक्यावर कॅन. मी उठून उभा राहिलो तर म्हणाल्या, "दहाच्या आत पोच बापू," आणि गेल्या. त्यांचं नाव मी विचारलं नव्हतं, आणि आता ते इथं लिहिलंही नसतं.

साडेसहाला धनोड्याच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला आणि सातला माहूरगडाच्या पायथ्याशी होतो. रेणुकामातेच्या पायऱ्या चढायच्या आधी फोन काढला. कालच्या फोटोखालची 'वाळवंटातला दिवस' ही ओळ काढून टाकली. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून फोटोही काढून टाकला. बाटली भरून घेतली.

या १९ मार्चला मी उपवास केला. ज्यांना पुढच्या वर्षी सोबत करायचा असेल त्यांनी कळवा. आणि ज्या मित्राला नोकरी गेल्यावर मी हा श्लोक पाठवला होता त्याला परवा फोन केला. दीड वर्षानं. तासभर तोच बोलला.

उद्या पंधरावा श्लोक, सुखदुःखात सम राहणाऱ्या धीर पुरुषाचा. तो सोपा नाही, जमल्यास आज रात्री एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.